पाइप ऑर्गन ऐकायचा कुठे, वाजवायचा कुठे: नागपूरकरापुढचे तीन रस्ते

पेटीवर हात बसलेला आहे आणि आता मोठ्या चर्चमधल्या जुन्या पाइप ऑर्गनची ओढ लागली आहे, अशा नागपूरकरापुढे तीन रस्ते असतात. घरच्या संगणकावर ऑर्गन उभा करायचा, रेल्वेने कोलकाता, चेन्नई किंवा मुंबई गाठायची, नाहीतर पैसे साठवून थेट युरोपला जायचं. माझं मत आधीच सांगतो. शिकायला घरासारखी जागा नाही, पण ऐकायला घर अपुरं आहे. म्हणून पहिला खर्च संगणकावर करा, दुसरा रेल्वेच्या तिकिटावर. युरोप त्यानंतर.

नाट्यसंगीताच्या साथीला जो ऑर्गन आपण ऐकत आलो, तो पायाने भाता चालवायचा, पण त्यातला सूर पेटीसारखाच धातूच्या पट्टीतून निघतो. पाइप ऑर्गनमध्ये एकेका सुराला स्वतंत्र नळी असते आणि प्रत्येक स्टॉपमागे, म्हणजे एका जातीचा आवाज चालू-बंद करणाऱ्या खुंटीमागे, अशा नळ्यांची अख्खी रांग. आठ फुटी स्टॉपची सर्वांत खालची उघडी नळी साधारण 2.4 मीटर लांब असते, तर बत्तीस फुटी स्टॉपची जवळजवळ दहा मीटर. त्या नळीचा खर्ज सेकंदाला सुमारे 16 कंपनांचा असतो. तो कानापेक्षा छातीत आणि बाकाच्या लाकडात जास्त जाणवतो. हेडफोनमधून तो मिळत नाही, आणि घर कमी पडतं ते इथे.

तरीही सुरुवात घरूनच करा, असं मी आग्रहाने सांगेन. ग्रँडऑर्ग हे सॉफ्टवेअर फुकट आहे. हॉप्टवर्क पैसे मोजून मिळतं आणि ते जास्त सफाईदार आहे. दोन्हींत खऱ्या ऑर्गनची नळी न् नळी वेगळी रेकॉर्ड करून वापरलेली असते. अशा रेकॉर्डिंगच्या बऱ्याच संचांत चर्चमधला घुमारही त्यातच येतो. मोठ्या संचाला 32 जीबी किंवा त्याहून जास्त मेमरी लागते. छोट्या ऑर्गनचे संच साध्या संगणकावरही चालतात. संगणकाला जोडायचा 61 पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड सहज मिळतो. अडचण येते ती पायपट्ट्यांची. साधारण तीस-बत्तीस पट्ट्यांचा पेडलबोर्ड नागपूरच्या वाद्यांच्या दुकानात मिळेल, अशी आशा धरू नका. तो मागवावा लागतो किंवा चांगल्या सुताराकडून करून घ्यावा लागतो. पैसे वाचवायचे असतील तर संगणकात वाचवा, पेडलबोर्डात नको.

कारण पेटीवाल्याला खरा त्रास पायांचाच होतो. आपला डावा हात आयुष्यभर भात्यावर असतो. इथे दोन्ही हातांना काम आहे आणि खर्ज पायांकडे. शिवाय पेटीत आपण भात्याच्या दाबाने सूर लहान-मोठा करतो, गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर फुलवतो. ऑर्गनची पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. लहान-मोठेपणा आणायचा तो स्टॉप बदलून, किंवा ज्या लाकडी कपाटात काही नळ्या बंद असतात त्याच्या झडपा पायाने उघडून-मिटून. मग भाव कुठून येतो? पट्टी नेमकी कधी सोडली, दोन सुरांत किती फट ठेवली, यातून. हे सगळं घरी, रात्री, शेजाऱ्यांची झोप न मोडता घोटता येतं, आणि कुठल्याही चर्चमध्ये इतका वेळ तुम्हाला कुणी देणार नाही.

आता रेल्वेचा रस्ता. इथे मी कोलकात्याच्या बाजूने आहे. सेंट पॉल्स कॅथेड्रलचं समर्पण 1847 मध्ये झालं. तिथला ऑर्गन लंडनच्या हेन्री विलिस यांच्या कारखान्याचा आहे, आणि एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये या नावाला फार मोठा मान होता. नागपूरहून गीतांजली किंवा हावडा मेलने जाता येतं. चेन्नईला एग्मोरमध्ये सेंट अँड्र्यूज चर्च आहे, 1821 चं. सोळा खांबांवर पेललेला गोल घुमट आणि त्याखाली हडर्सफील्डच्या पीटर कोनाकर यांनी घडवलेला, 1883 मध्ये बसवलेला ऑर्गन. लांबट कॅथेड्रलपेक्षा गोल वास्तूत सूर वेगळा पसरतो, म्हणून ज्याला वास्तू आणि आवाजाचं नातं समजून घ्यायचंय त्याने चेन्नई चुकवू नये. मुंबईत कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये पाइप ऑर्गन आहे, आणि रात्रीची गाडी पकडली की सकाळी पोचता येतं. वेळ कमी असेल तर मुंबईच बरी.

मात्र निघण्याआधी चर्चच्या कार्यालयात फोन करून ऑर्गन चालू आहे का, आणि त्या रविवारी वाजणार आहे का, हे विचारा. दमट हवेत लाकूड फुगतं, चामडं सडतं, उंदीर-वाळवी आपलं काम करतात. शंभर-दीडशे वर्षांचं वाद्य दुरुस्तीसाठी बंद असणं स्वाभाविक आहे. आणि जायचं ते हिवाळ्यात. नळीचा सूर तिच्यातल्या हवेच्या तापमानावर ठरतो. 15 अंशांवरून 45 अंशांवर गेलं की साध्या नळीचा सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. ज्या नळ्यांत पेटीसारखी धातूची पट्टी सूर काढते, त्या मात्र फारशा हलत नाहीत, मग दोघांचं जमत नाही. नागपूरचा उन्हाळा सोसलेल्याला हे वेगळं समजावायला नको! डिसेंबरात गेलात तर नाताळची कॅरल्सही ऐकायला मिळतील.

ऐकायला बसाल तेव्हा पर्यटकासारखे मागे उभे राहू नका, पूर्ण उपासनेला बसा. शेकडो माणसं एकत्र गातात तेव्हा वादक दोन कडव्यांमध्ये त्यांना श्वासापुरती जागा देतो. या वाद्याचं मूळ काम ते आहे, मैफल नंतरची. त्याची तयारी सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या रविवारच्या उपासनेत बसूनही करता येते. वाद्य कुठलंही असो, स्तोत्रांच्या चाली आणि गाणाऱ्यांचा श्वास कानात बसतो.

युरोपात एकच ठिकाण निवडायचं तर मी नेदरलँड्समधलं हार्लेम निवडेन, पॅरिस नाही. पॅरिसचा सेंट-सुल्पीसमधला काव्हाये-कोल यांनी घडवलेला 1862 चा ऑर्गन अलौकिक आहे. पण हार्लेमच्या सेंट बाव्हो चर्चमध्ये क्रिस्टियान म्युलर यांनी 1738 मध्ये पूर्ण केलेला ऑर्गन आहे, पाच हजारांहून अधिक नळ्यांचा आणि बत्तीस फुटी खर्जाचा. दहा वर्षांच्या मोत्सार्टने 1766 मध्ये तो वाजवला होता. उन्हाळ्यात तिथे नियमित ऑर्गनवादन होतं, आणि ॲमस्टरडॅमहून लोकल गाडीने पाव तासात पोचता येतं. व्हिसा आणि विमानखर्च पाहता हा रस्ता बाकी दोन्हींपेक्षा कितीतरी महाग आहे, म्हणून तिथे कान तयार करूनच जावं.

वाजवायला मिळेल का? हार्लेमला सहज नाही. भारतात मात्र शक्यता जास्त, आणि ती तुमच्या पत्रावर अवलंबून आहे. वादकाला किमान महिनाभर आधी लिहा. पायांनी वाजवता येतं का, कोणते दोन तुकडे तयार आहेत, हे स्पष्ट सांगा. पातळ चामडी तळाचे, फक्त आतच घालायचे बूट बरोबर न्या. बसल्यावर दोन गोष्टींनी गोंधळाल: जुन्या यंत्रणेत पट्ट्या पेटीपेक्षा जड असतात, आणि नळ्या दूर असल्या तर आवाज बोटांपेक्षा किंचित उशिरा येतो. अशा वेळी कानाची वाट पाहू नका, बोटांची लय धरून पुढे जा.