तलवार शिकायची आहे: फेन्सिंगचा हॉल की मर्दानी खेळाचा आखाडा?

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन 'तलवारबाजी कुठे शिकवतात?' असं विचारलंत, तर पांढरा पोशाख, जाळीचा मुखवटा आणि पाठीला वायर लावलेली मुलं जिथे दिसतात त्या हॉलचा पत्ता मिळेल. तोच प्रश्न कोल्हापूरच्या एखाद्या पेठेत विचारलात, तर माणसं आखाड्याकडे बोट दाखवतील. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. सरकारी कागदावर तलवारबाजी म्हणजे ऑलिंपिकमधलं फेन्सिंग आणि आपल्या बोलण्यात तलवारबाजी म्हणजे ढाल-तलवार, दांडपट्टा, मर्दानी खेळ. नवीन माणसाची पहिली फसगत इथेच होते.

मी चौतिसाव्या वर्षी आठ महिने फेन्सिंग शिकले आणि मग आखाड्यात गेले, तिथे अजून जाते. माझी अकरा वर्षांची भाची माझ्याबरोबर हॉलमध्ये आली आणि तिथेच रमली. त्यामुळे 'दोन्हीपैकी चांगलं काय?' असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: तुम्हाला तलवार फिरवायला शिकायचंय, की समोर उभ्या राहिलेल्या माणसाशी तलवारीनं लढायला शिकायचंय? या दोन्ही विद्या वेगळ्या आहेत. दोन्हींना वर्षं द्यावी लागतात. पण पहिल्या वर्षात तुमच्या हाती काय लागणार, हे या एका उत्तरावर ठरतं.

हॉलमध्ये काय मिळतं

फेन्सिंगमध्ये समोरचा माणूस लवकर भेटतो. पहिला दीड महिना फक्त पायांचा असतो: पुढे सरकायचं, मागे सरकायचं, लंज (पुढचा पाय लांब टाकून झेप) मारायचा, गुडघे वाकलेलेच ठेवायचे. मांड्या पेटतात. तिसऱ्या महिन्यात मला पूर्ण पोशाख चढवून पिस्टवर, म्हणजे लढतीच्या पट्ट्यावर, उभं केलं. समोर तेरा वर्षांची मुलगी होती. मी पुढे झेपावायचं ठरवतेय तोवर वायरीला जोडलेलं, ठोका नोंदवणारं यंत्र वाजलं आणि तिच्या बाजूचा दिवा लागला. कुठे लागलं ते मला कळलंच नव्हतं. सरांनी माझ्या मनगटावर बोट ठेवून दाखवलं. हात जेमतेम चार बोटं जास्त उघडा राहिला होता. त्या दिवसापासून माझा हात आपोआप आत राहायला लागला. महिनाभर तोंडी सांगून जे झालं नव्हतं ते एका ठोक्यानं झालं. हॉलचं सगळ्यात मोठं देणं हेच. यंत्र कुणाची भीड ठेवत नाही, त्यामुळे आपल्याला किती येतं याबद्दल भ्रम उरत नाही.

शस्त्रं तीन: फॉइल, एपे आणि सेबर. फॉइलमध्ये फक्त धडावर टोचायचं. सेबरमध्ये कमरेच्या वर कुठेही, डोकं आणि मनगटापर्यंतचे हातसुद्धा, आणि तिथे वारही चालतो. या दोन्हींत एकाच वेळी दोघांचे दिवे लागले तर आधी चढाईचा हक्क कुणाचा होता यावर पंच गुण देतात, आणि हा हक्क ओळखायला नवख्याला बरेच महिने लागतात. एपेमध्ये पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत सगळं अंग लक्ष्य असतं, हक्काची भानगड नाही, आणि दोघांचं टोक एकदम लागलं तर गुण दोघांना. मोठ्या वयात सुरू करणाऱ्यांनी एपे घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात घाईपेक्षा अंतराची समज चालते आणि कशामुळे हरलो हे लगेच कळतं. मात्र बऱ्याच लहान केंद्रांत तीनपैकी एखादंच शस्त्र शिकवतात. त्यामुळे नाव घालण्याआधी कोणतं शिकवणार हे विचारून घ्या.

आता उणीव. फेन्सिंगची लढत 14 मीटर लांब आणि जेमतेम दोन मीटर रुंद पट्ट्यावर चालते. बाजूला फिरायला वाव नाही. शस्त्रंही हलकी: फॉइल आणि सेबर 500 ग्रॅमच्या आत, एपे 770 ग्रॅमच्या आत. किल्ल्यावरच्या संग्रहालयातली तलवार पाहून तुमच्या मनात ही ओढ निर्माण झाली असेल, तर ती ओढ इथे पुरी होणार नाही. शिवाय सगळं एका हातानं. आठ महिन्यांत माझी उजवी मांडी आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा उघड वेगळे वाटायला लागले होते.

मुलांसाठी मात्र या वाटेला तोड नाही. शालेय क्रीडा स्पर्धांत हा खेळ आहे, जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी तयार आहे, आणि छत्रपती संभाजीनगरला भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात फेन्सिंगचं प्रशिक्षण आहे. चेन्नईची भवानी देवी शाळेतूनच या खेळात आली. विजेवर चालणाऱ्या तलवारी महाग, म्हणून सुरुवातीला बांबूच्या काठ्यांनी सराव करायची. टोकियोला ती उतरली तेव्हा ऑलिंपिकमध्ये उतरणारी पहिली भारतीय फेन्सर ठरली, आणि 2023 मध्ये तिनं आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सेबरमध्ये कांस्यपदक मिळवलं. भाचीच्या अभ्यासाच्या टेबलावर तिचा फोटो आहे.

आखाड्यात काय मिळतं

आखाड्यात पहिले काही महिने तलवार दिसते ती भिंतीवर. हातात काठी. मारुतीला नमस्कार, मातीला हात लावून कपाळाला, आणि मग पवित्रे, म्हणजे पाय टाकण्याच्या ठरलेल्या पद्धती. आमचे वस्ताद मातीवर पाणी शिंपडून ती झाडून घेतात, त्यावर मला चारी दिशांचे पवित्रे करायला लावतात आणि मग वाकून पावलांचे ठसे बघतात. टाच कुठे उचलली गेली, वळताना वजन कोणत्या पायावर होतं, पाऊल फरपटलं का, सगळं मातीत उमटलेलं असतं. "हातानं खोटं बोलाल, पावलानं नाही बोलता येणार," असं ते म्हणतात. हॉलमध्ये जे काम दिवा करतो, ते इथे माती करते. फक्त तिला वेळ लागतो, आणि ती वाचणारा माणूस लागतो.

काठीनंतर ढाल-तलवार आणि बऱ्याच नंतर पट्टा. दांडपट्ट्याची मूठ खोबणीच्या आत असते आणि लोखंडी खोबळा कोपरापर्यंत हात झाकतो. मनगट वळतच नाही. त्यामुळे तलवारीची मनगटाची सगळी सवय सोडून खांद्यातून आणि कमरेतून फिरायला शिकावं लागतं. पातं लवचिक, दुधारी आणि लांब. जरा अंदाज चुकला की ते स्वतःकडेच वळतं. म्हणून तळहातावरचं लिंबू पट्ट्यानं कापण्याचं प्रात्यक्षिक बघताना टाळ्या वाजवणाऱ्यांनी लिंबू धरलेल्या हाताकडेही बघावं. तो हात हलत नाही, कारण त्यामागे कितीतरी वर्षांचा विश्वास असतो. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं, त्यानंतर चौकशी करणाऱ्यांची संख्या वाढल्याचं आमच्याकडेही जाणवलं.

शरीरासाठी आखाडा मला जास्त पूर्ण वाटतो. प्रत्येक हात (फिरवण्याचा प्रकार) उजव्या बाजूनं झाला की डाव्या बाजूनं होतोच. खांदे मोकळे होतात, कंबर वळायला लागते, दम वाढतो. आणि माणसं मिळतात: सात वर्षांच्या पोरापासून साठीच्या काकांपर्यंत सगळे एका मातीवर. आमच्याकडे बायका-मुली निम्म्याच्या आसपास आहेत.

पण समोरचा? इथे आखाड्या-आखाड्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अनेक ठिकाणी वर्षभराचा सराव शिवजयंतीच्या आणि गणपतीच्या मिरवणुकीसाठी चालतो. मिरवणुकीत चारी बाजूंनी माणसं बघत असतात, म्हणून फिरकी मोठी, उडी उंच, जोडीतले घाव आधीच ठरलेले. ते सुंदर असतं, त्यात खरी मेहनत असते, पण त्यात न ठरवलेला घाव कधीच येत नाही. ज्या आखाड्यांत अजून फरी-गदगा खेळतात, तिथे मात्र चित्र वेगळं असतं. एका हातात लहानशी चामडी ढाल, दुसऱ्यात चामडं मढवलेली काठी, आणि समोरचा खरोखर मारतो. त्यामुळे आखाड्यात पहिल्यांदा गेलात की एवढं विचारा: "तुमच्याकडे फरी-गदगा होतो का?" हो म्हणाले तर मी डोळे मिटून तिथे नाव घाला म्हणेन. फिरवणं आणि लढणं दोन्ही एकाच छपराखाली मिळणं दुर्मीळ आहे.

मराठवाड्यात राहणाऱ्यांना तिसरी वाटही जवळ आहे. नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वाराच्या परिसरात शीख समाजाची गतक्याची, म्हणजे काठी-तलवारीच्या युद्धकलेची, परंपरा जिवंत आहे. होला मोहल्ला (होळीच्या सुमाराचा शीख सण) आणि दसऱ्याला ती रस्त्यावर दिसते. स्पर्धेच्या गतक्यात लाकडी सोटी आणि फर्री (लहान ढाल) घेऊन गुणांवर लढत होते, आणि 2023 च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत गतक्याचा समावेश होता. गतका-फर्री आणि आपला फरी-गदगा ही नावं शेजारी ठेवून पाहिली तरी नातं लक्षात येतं.

युरोप-अमेरिकेत असाल तर तिथल्या जुन्या युरोपीय तलवारविद्येच्या क्लबांत जाऊन बघा. दोन हातांची लांब तलवार, बोथट पोलादी पातं, जाड जाकीट आणि पहिल्या काही महिन्यांतच लढत.

कुठून परत फिरावं

आखाडा शोधताना मी आधी एका भलत्याच ठिकाणी गेले होते. तिथे दुसऱ्याच दिवशी पोलादी तलवार हातात दिली आणि मोबाईलवर चित्रीकरण करत "फिरवा, फिरवा" म्हणाले. चौथ्या फेरीला टोक माझ्या पोटरीला लागलं. तीन टाके पडले. प्रथमोपचाराची पेटीसुद्धा नव्हती, कुणाच्या तरी ओढणीनं बांधून मला दवाखान्यात नेलं. त्यामुळे आता कुणी विचारलं की मी सांगते: पैसे भरण्याआधी एक पूर्ण तास कोपऱ्यात बसून बघा. नवख्यांच्या हातात धारेचं काही दिसलं, फिरवणाऱ्यांमध्ये दोन काठ्यांचं अंतर नसलं, किंवा हॉलमध्ये मुखवटा न घालता 'जरा गंमत' चाललेली दिसली, तर तसंच उठा. फेन्सिंगमध्ये मुखवट्याला पर्याय नाही. 1982 च्या रोममधल्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत फेन्सर व्लादिमिर स्मिर्नोव्ह यांचा जीव गेला तो तुटलेलं पातं मुखवट्याच्या जाळीतून आत शिरल्यामुळे, आणि नंतर पोशाख, मुखवटे, पाती सगळ्यांचे नियम कडक झाले. जाळीला पोचा आलेला किंवा गंजलेला मुखवटा दिला तर तो नाकारायला संकोच करू नका.

खर्चाचं सांगायचं तर आखाड्यात तो नावापुरता असतो, काही ठिकाणी फक्त गुरुपौर्णिमेचा नारळ. फेन्सिंगमध्ये महिन्याची फी, शिवाय चारेक महिन्यांनी स्वतःचा हातमोजा, जाकीट, मुखवटा. मूल स्पर्धेत उतरलं की विजेवरची शस्त्रं आणि तारांचं जाकीट यांचा खर्च कित्येक पट होतो. पहिलं वर्षभर क्लबचं सामान वापरायला मिळेल का, हे आधी स्पष्ट करून घ्या.

मूल दहा-बारा वर्षांचं आणि त्याला जिंकायची हौस असेल, तर हॉल. तुम्ही तिशी-चाळिशीत असाल आणि शरीर, माती, माणसं हवी असतील, तर आखाडा, आणि तो शिवजयंतीच्या गडबडीत धरू नका. त्या दिवसांत वस्तादांना नवीन माणसाकडे बघायला वेळ नसतो. शिवजयंती उरकल्यावर जा.

आणि तलवार विकत घेऊ नका, निदान पहिल्या वर्षी तरी नाही. 1959 च्या शस्त्र अधिनियमाखालच्या नियमांत तलवारी आणि 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारं यांची वेगळी वर्गवारी आहे, आणि वाढदिवसाचा केक तलवारीनं कापला म्हणून गुन्हे दाखल झालेले आपण पेपरात वाचतोच. शस्त्रं आखाड्याची, आखाड्यातच राहू द्यावीत. घरच्या सरावाला काठी पुरते. पुण्यात असाल तर बांबूकाम करणाऱ्यांच्या बुरूड आळीत जा, वस्ताद सांगतील तेवढ्या उंचीचा सरळ बांबू निवडून, पेरं घासून देतात.