टाइप ७-सी यू-बोट सिम्युलेटर : काही महिन्यांच्या वापरानंतर

टॉर्पेडो सोडून जहाजं उडवायची हौस असेल तर हा पाणबुडीचा गेम घेऊ नका, पैसे फुकट जातील. इथे तासन्‌तास काही घडत नाही. घडतं ते दहा-पंधरा मिनिटांत आटपतं, आणि मग डोक्यावर घिरट्या घालणारी डिस्ट्रॉयर (पाणबुडीच्या मागावरची युद्धनौका) कंटाळून निघून जाईपर्यंत खाली गप बसायचं. गेमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली तक्रारीही आहेत, आणि या जातीचे जे तीन-चार सिम्युलेटर मिळतात त्यांत बहुतेक ठिकाणी बोट तीच असते, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन नौदलाची टाइप ७-सी यू-बोट, म्हणजे पाणबुडी. म्हणजे निम्मं लिखाण तरी कुठल्याही सिम्युलेटरला लागू पडेल.

आम्ही चौघं मिळून खेळतो. माझं भोसरीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. प्रेशर व्हेसल, स्टोरेज टँक, हीट एक्स्चेंजरची शेलं असली कामं. सोबत मेहुणा, एक जुना सप्लायर आणि हॅम्बुर्गला नोकरी करणारा भाचा. प्रत्येकाला एक खुर्ची मिळते : कॅप्टन, डायव्हिंगची चाकं सांभाळणारा, हायड्रोफोनवाला (पाण्याखालचे आवाज ऐकणारा) आणि टॉर्पेडोचा हिशेब करणारा. कॅप्टन कोण होणार यावरून दर शनिवारी भांडण ठरलेलं.

आधी बोटीबद्दल. लांबी ६७ मीटर, पण माणसं राहतात तो आतला प्रेशर हल (पाण्याचा दाब झेलणारं पोलादी नळकांडं) फक्त ५०.५ मीटर लांब आणि ४.७ मीटर व्यासाचा. म्हणजे लोकलचे जेमतेम अडीच डबे. त्यात ४४ ते ५२ माणसं, दोन डिझेल इंजिनं, दोन इलेक्ट्रिक मोटरी, बॅटरीचे १२४ सेल आणि डझनभर टॉर्पेडो. दोन संडास, त्यातला एक मोहिमेच्या सुरुवातीचे काही आठवडे खाण्याच्या सामानाने भरलेला. गेममध्ये आतून फिरता येतं आणि ते काम खरंच झकास केलंय. भाचा कीलजवळ लाबोला जाऊन यू-९९५ बघून आला. समुद्रकिनाऱ्यावर १९७२ पासून ती लोकांसाठी उघडी आहे. त्याने आतून व्हिडिओ पाठवला तेव्हा कुठलं चाक कुठे आहे हे आम्ही त्याला फोनवरून सांगत होतो. ती बोट त्याच्याच गावात, ब्लोम उंड फॉसच्या यार्डात बांधलेली. हे यार्ड युद्धाच्या मधल्या काळात आठवड्याला साधारण एक अशी बोट काढत होतं.

आता माझ्या धंद्यातलं. ७-सीच्या प्रेशर हलची प्लेट साडेअठरा एमएमची, नंतरच्या ७-सी/४१ मध्ये २१ एमएम. मटेरियल एसटी ५२ पोलाद. हे नाव वाचून मी उडालोच, कारण हायड्रॉलिक सिलिंडरच्या ट्यूबसाठी आमच्याकडे रोज तेच ऐकू येतं. पण आमच्या व्हेसलमध्ये प्रेशर आतून असतं. आतून प्रेशर आलं की शेल आपणहून गोल व्हायला बघतं. बाहेरून आलं की गणित उलटं : जिथे गोलाई चुकली असेल नेमकं तिथेच ते आत दबायला लागतं, आणि एकदा दबायला लागलं की थांबत नाही. म्हणून जाडीइतकीच ओव्हॅलिटी महत्त्वाची, आणि म्हणून ठरावीक अंतरावर गोल फ्रेमा वेल्ड केलेल्या. दर १० मीटर खोलीला १ केजी प्रेशर (चौरस सेंटिमीटरवर १ किलो) धरा. २०० मीटरवर २० केजी, तेही चहूबाजूंनी. गरज पडली की कमांडर त्याच्याही खाली जात आणि परत वर येत. वेल्डरांचं कौतुक करावं तेवढं थोडं.

म्हणूनच गेमची पहिली तक्रार : कोपऱ्यात ‘हल इंटिग्रिटी’ म्हणून टक्क्यांचा पट्टा दिलाय. डेप्थ चार्ज (पाण्यात खोलवर फुटणारा बॉम्ब) जवळ फुटला की ९० चे ८१ होतात, मग ७४. बाहेरच्या प्रेशरखाली शेल असं हप्त्याहप्त्याने जात नाही हो. एकतर धरून ठेवतं नाहीतर एका दणक्यात बसतं. डेप्थ चार्जने खरं नुकसान व्हायचं ते फिटिंगचं. व्हॉल्व्ह गळायला लागणं, ग्लँड (शाफ्टभोवतीचं पॅकिंग) सुटणं, मोटरीचं फाउंडेशन हलणं, गेजच्या काचा फुटणं, बॅटरीचे सेल तडकणं. गेममध्ये गळती दिसते, दुरुस्तीही करावी लागते, पण शेवटचा निकाल तो पट्टाच देतो. माझ्या इन्स्पेक्टरला दाखवलं तर तो हसत सुटेल.

आणि आता बॅटरी. हा सगळा गेम बॅटरीचा आहे. ही बोट पाण्यावर चालणारी, जी काही काळ पाण्याखाली लपू शकते. वर डिझेलवर १७ नॉटपेक्षा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जास्त वेग, आणि १० नॉटने गेलात तर ८,५०० सागरी मैलांचा पल्ला. खाली गेलात की इलेक्ट्रिक मोटरवर जास्तीत जास्त साडेसात नॉट, तेही थोडाच वेळ. ४ नॉटने रांगलात तर ८० मैल, म्हणजे वीस तास. ७-८ नॉटने जाणाऱ्या व्यापारी जहाजांच्या काफिल्यालासुद्धा पाण्याखालून गाठता येत नाही. त्यामुळे ओट्टो क्रेत्श्मरसारखे कमांडर रात्री पाण्यावरूनच काफिल्यात घुसत. इतक्या ठेंगण्या बोटीला अंधारात कोणी बघत नसे आणि पाण्यावरच्या बोटीपुढे ॲस्डिक (आवाजाच्या लाटांनी पाणबुडी शोधणारं यंत्र) निकामी. १७ मार्च १९४१ च्या पहाटे यू-१०० अंधारात रडारवर सापडली. ती बुडाली, त्याच रात्री क्रेत्श्मरची यू-९९ ही बुडाली आणि तो कैद झाला. गेममध्ये तारीख त्याच्या पुढे सरकली की तीच युक्ती हळूहळू अंगाशी यायला लागते, आणि का ते गेम सांगत नाही. आपल्यालाच शोधून काढावं लागतं. हे मला फार आवडलं.

परवाचा एक प्रसंग. दोन टॉर्पेडो मारून १६० मीटरवर बसलेलो. मेहुणा हायड्रोफोनवर. “दिशा एकशे दहा... जवळ येतोय... स्पीड वाढवला त्याने.” डिस्ट्रॉयर अगदी डोक्यावर आली की तिचं ॲस्डिक आंधळं होतं, आणि चार्ज फुटताना कोणालाच काही ऐकू येत नाही. बिल्ज पंप (तळाशी साचलेलं पाणी उपसणारा) चालवायचा आणि वेग वाढवून वळायचं ते तेवढ्याच वेळात. भाचा म्हणतो, “मामा, बॅटरी बावीस टक्के.” म्हटलं, एक मोटर बंद कर. “मग डेप्थ राहणार नाही, मागून बसतोय आपण.” पंप चालवला तर आवाज, नाही चालवला तर बोट बसणार, वेग वाढवला तर बॅटरी जाणार. सप्लायर शांतपणे म्हणाला, “माल संपला की गिऱ्हाईकपण जातं, थांबा जरा.” थांबलो. पहाटे वर आलो तेव्हा नऊ टक्के उरले होते.

बॅटरीच्या सेलमध्ये समुद्राचं पाणी गेलं की क्लोरीन तयार होतो, हेही गेममध्ये आहे. १४ एप्रिल १९४५ ला स्कॉटलंडजवळ यू-१२०६ खरोखर अशी गेली. खोल पाण्यात वापरता येणारा नवा संडास, व्हॉल्व्हचा क्रम चुकला, पाणी आत आलं, खालच्या बॅटरीवर पडलं, क्लोरीन पसरला, बोट वर आणावी लागली आणि विमानांच्या तावडीत सापडली. आमच्याकडे कुठल्याही शिफ्टला व्हॉल्व्हचा क्रम रंगवून लावायला लावतो तेव्हा पोरं नाकं मुरडतात; आता हा किस्सा सांगतो.

डाइव्ह छान जमवलाय. ‘अलार्म’ झाला की ब्रिजवरचे शिडीवरून खाली कोसळतात, डिझेल बंद, हवेचे व्हॉल्व्ह बंद, मोटरी क्लचमध्ये, बॅलास्ट टाक्यांचे वरचे व्हेंट उघडे, आणि रिकामी माणसं पुढच्या टॉर्पेडो रूमकडे पळतात, नाक जड व्हावं म्हणून. अर्ध्या मिनिटाच्या आसपास बोट पाण्याखाली. ट्रिम (पाण्याखाली बोटीचा तोल राखणं) मात्र फारच सोपी करून ठेवलीय. टॉर्पेडो सुटला की बोट दीड टनाने हलकी होते, तेवढं पाणी लगेच आत घ्यायचं नाहीतर नाक वर येऊन पाण्याबाहेर दिसतं. इकडची माणसं तिकडे गेली तरी चीफ इंजिनिअरला पाणी हलवायला लागायचं. गेममध्ये हे सगळं आपोआप होतं. निदान हार्ड मोडमध्ये तरी आमच्या हातात द्यायला हवं होतं.

टॉर्पेडोंच्या सेटिंगमध्ये ‘डड’ (न फुटणारे टॉर्पेडो) चालूच ठेवा. हवेवर चालणारा जी७ए वेगवान, पण मागे बुडबुड्यांची रेघ सोडतो. इलेक्ट्रिक जी७ई रेघ सोडत नाही पण ३० नॉटचाच, आणि त्याची बॅटरी गरम करून ठेवावी लागते. १९४० मध्ये नॉर्वेच्या मोहिमेत मॅग्नेटिक पिस्तुलं (जहाजाच्या चुंबकत्वाने टॉर्पेडो फोडणारी यंत्रं) दगा देत होती आणि टॉर्पेडो ठरवलेल्या खोलीपेक्षा खालून जात होते. खालून जाण्याचं कारण पुढे १९४२ मध्ये कळलं, आणि ते कोणाही फिटरला पटेल. बोट बराच वेळ पाण्याखाली राहिली की आतल्या हवेचं प्रेशर वाढतं. ती हवा टॉर्पेडोच्या डेप्थ यंत्राच्या बंद कप्प्यात झिरपायची, आणि यंत्राचा शून्यच हलायचा. म्हणजे सगळा घोळ एका गळक्या सीलचा.

डीएलसीमध्ये (गेमच्या जोड भागात) टाइप २१ ही नंतरची नवी यू-बोट दिलीय. ७-सीच्या तिप्पट सेल, म्हणजे ३७२, आणि पाण्याखाली १७ नॉट. चालवायला स्वप्नवत. पण गेममधली टाइप २१ कारखान्यातून निघावी तशी कोरी करकरीत निघते, आणि हे शुद्ध खोटं आहे. ओट्टो मेर्कर नावाचा मोटार उद्योगातला माणूस आणून त्यांनी बोट आठ तुकड्यांत करायची ठरवली. पूल आणि स्ट्रक्चरचं काम करणाऱ्या आतल्या भागांतल्या पोलाद कंपन्या तुकडे बनवणार, ते कालव्यांतून बार्जवर यार्डात जाणार, तिथे पाइपिंग-वायरिंग, आणि शेवटी हॅम्बुर्ग, ब्रेमेन, डान्झिगला नुसतं जोडायचं. कागदावर सुंदर. पण स्ट्रक्चरवाल्याला प्रेशर व्हेसलचा टॉलरन्स दिला की काय होतं हे मला कोणी सांगायला नको. मिलिमीटरमध्ये बसायला हवेत ते तुकडे काही ठिकाणी सेंटिमीटरने चुकले. दोन रिंगा समोरासमोर आणल्यावर ते कळतं, आणि मग कापा, ओढा, गरम करा, परत वेल्ड करा. १९ एप्रिल १९४४ ला, हिटलरच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, यू-३५०१ पाण्यात सोडून दाखवायची होती म्हणून उघडी भोकं लाकडी खुंट्या ठोकून बंद केली होती. साहेब येणार म्हणून अर्धवट जॉबला रंग मारणारे सगळीकडे असतात! पुढे शंभरावर टाइप २१ नौदलात दाखल झाल्या, त्यातल्या लढाईच्या मोहिमेवर निघाल्या फक्त दोन.

आणखी एक गोष्ट गेममध्ये कुठेच नाही. ब्रेमेनजवळ फार्गेला ‘व्हॅलेंटिन’ नावाचा अवाढव्य काँक्रीटचा बंकर टाइप २१ जोडण्यासाठी बांधत होते. बांधणारे होते छळछावणीतले कैदी आणि वेठबिगार. तिथे हजारावर माणसं मेली, आणि एकही बोट बाहेर पडली नाही. हानोव्हरच्या श्टोकेनमध्ये यू-बोटींच्या बॅटऱ्या बनत, तिथेही कारखान्याला लागून छावणी, कैदी शिशात हात घालून काम करायचे. ज्या बॅटरीच्या टक्क्यांवर आमचा जीव टांगलेला असतो तिच्यामागे हे होतं. मेन्यूत एखादं पान टाकायला काय हरकत होती? यू-बोटीवर गेलेल्या सुमारे ४० हजारांपैकी २८-३० हजार परतले नाहीत, हा आकडा मात्र लोडिंग स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत आहे. त्यांनी बुडवलेल्या व्यापारी जहाजांवरच्या खलाशांचा नाही.

नकाशा केप टाउनच्या अलीकडेच संपतो, ही माझी खास आपल्या बाजूची तक्रार. १९४३ पासून लांब पल्ल्याच्या यू-बोटी आजच्या मलेशियातल्या पेनांगहून हिंदी महासागरात फिरत होत्या, त्या गटाचं नावच ‘मोन्सून’. त्याच वर्षी ९ मार्चला मुरगाव बंदरात ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर कलकत्ता लाइट हॉर्स या स्वयंसेवक पलटणीच्या वयस्कर मंडळींनी छापा घातला, कारण तिथून रेडिओवर जहाजांच्या बातम्या यू-बोटींना जातात असा ब्रिटिशांचा संशय होता. पोर्तुगीजांचा तटस्थ गोवा, बंदरात अडकलेली जर्मन जहाजं, बाहेर अरबी समुद्र. मिशन आयतं तयार आहे.

वापरातल्या बाकी गोष्टी : हेडफोनशिवाय खेळू नका, निम्मी माहिती कानाने येते. साध्या ग्राफिक कार्डवर बंदरात फ्रेम पडतात, खुल्या समुद्रात ठीक. एका अपडेटनंतर आमची चालू मोहीम उघडेनाच. कंपनीकडून ‘नवी मोहीम सुरू करा’ एवढंच उत्तर आलं. तेव्हापासून अपडेटआधी सेव्ह फोल्डरची कॉपी काढतो. पूर्ण किमतीला घेऊ नका, सेल लागतोच. मे १९४३ पर्यंत पोचायला धीर लागतो. त्या एका महिन्यात ४१ बोटी गेल्या आणि २४ तारखेला जर्मन नौदलप्रमुख ड्योनिट्झने उत्तर अटलांटिकमधून बोटी मागे घेतल्या. गेममध्ये तो महिना अक्षरशः असह्य आहे. विमान दिसलं की डाइव्ह, वर आलं की परत विमान, चार्जिंगला सलग तासभर मिळत नाही.

पुढच्या अपडेटला स्नॉर्केल (पाण्यावर निघणारा हवेचा पाइप) येणार असं जाहीर झालंय. १९४४ मध्ये बोटींना तो बसवला, म्हणजे खाली राहून डिझेल चालवता यायला लागलं. पण लाट आली की पाइपच्या टोकाचा व्हॉल्व्ह बंद होतो, आणि डिझेल बोटीतलीच हवा ओढायला लागतं. कान फुटायची वेळ येते. तो व्हॉल्व्ह आणि ते पडणारं प्रेशर नीट आणलं तर पुन्हा पैसे भरीन. नुसता पाइप उभा करून दिला तर नाही.