नऊ महिन्यांनंतर ५ लिटरचा कुकर: आयएसआयचा शिक्का कुठपर्यंत पुरतो?

५ लिटर, ॲल्युमिनियमचा, बाहेरून बसणाऱ्या झाकणाचा कुकर. गॅसवर रोज दोनदा, नऊ महिने. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढचं बहुतेक सगळं या घडणीच्या कुठल्याही कुकरला लागू पडतं.

शिजवण्याबद्दल तक्रार नाही. तळ जाड आहे, वरण-भाताची दोन भांडी एकावर एक नीट बसतात, खाली दीड पेला पाणी पुरतं. त्या पाण्यात लिंबाची साल किंवा चिंचेचं बुटुक टाकलं की कुकर आतून काळा पडत नाही. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा. एकदा शिट्टी उचलली गेली की आतला दाब चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो आणि तापमान १२० अंशांच्या आसपास थांबतं. त्यापुढे ज्योत कितीही मोठी ठेवा, भात लवकर होत नाही. नुसतं पाणी वाफ होऊन जातं, आणि पाणी संपलं की सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. डाळ किंवा तांदूळ थेट कुकरात लावायचे असतील तर निम्म्याच्या वर भरू नका. फेस वर चढतो आणि शिट्टीच्या नळीत अडकतो.

आता शिक्क्याबद्दल. घरगुती कुकरचं मानक आयएस २३४७. सरकारच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशामुळे १ फेब्रुवारी २०२१पासून त्याचा शिक्का सक्तीचा आहे. पण शिक्का छापणं अवघड नसतं. खरी ओळख त्याच्याखालच्या 'सीएम/एल' क्रमांकात, म्हणजे कारखान्याच्या परवान्याच्या क्रमांकात असते. शिक्क्याचा परवाना देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकला की कारखान्याचं नाव, पत्ता, परवान्याची मुदत आणि मानक दिसतं. चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. परवाना खरा, पण दुसऱ्याच वस्तूचा, असंही होऊ शकतं. या कुकरचा क्रमांक जुळला. मात्र आकडे झाकणावर इतके उथळ कोरलेत की सहाव्या महिन्यापर्यंत घासणीने अर्धे पुसले गेले. खोकं उघडताच फोटो काढून ठेवा.

पाचव्या महिन्यात झाकणाच्या कडेने वाफ सुटायला लागली आणि शिट्टी होईना. रबरी रिंग ताठ झाली होती. अशी रिंग फ्रीजरमध्ये ठेवली की तात्पुरती आवळते आणि काम भागतं. तसं करायची वेळ आली म्हणजे तिचं आयुष्य संपलं. रिंग बदलताना त्याच कंपनीची, त्याच मापाची घ्या. झाकणाच्या काठावर एक लांबट खाच असते. दाब फार वाढला तर रिंग तिथून बाहेर ढकलली जाते आणि वाफ निघून जाते. बाजारातली जाड, ताठ रिंग त्या खाचेतून बाहेर येत नाही, म्हणजे शेवटचा बंदोबस्तच गेला. आणि गंमत अशी की तीच रिंग 'घट्ट बसते' म्हणून विकली जाते.

शिट्टीचंही तेच. दाब ठरतो तो शिट्टीचं वजन आणि नळीचं भोक या जोडीवर. भोक ३ मिमीचं असेल तर १ किलो दाबाला सुमारे ७१ ग्रॅम वजन लागतं. तीच शिट्टी २.५ मिमीच्या भोकावर ठेवली तर दाब १.४ किलोच्या पुढे जातो. 'सगळ्यांना चालते' म्हणून मिळणारी शिट्टी म्हणूनच घेऊ नये. नळी रोज उजेडासमोर धरून आरपार दिसते का पाहायची, नसेल तर बारीक तारेने साफ करायची. सेफ्टी व्हॉल्व्हमधला मिश्रधातू वितळला तर नवा अस्सल व्हॉल्व्हच बसवायचा. ते भोक डाख लावून बुजवणारे महाभाग आहेत!

हँडलचा स्क्रू सातव्या महिन्यात ढिला झाला. ज्योत तळाबाहेर पसरली की बेकेलाइट करपतं आणि स्क्रूची पकड जाते. छोटा बर्नर वापरा. खरं तर हँडल कुकरच्या भिंतीपासून आणखी अर्धा सेंटिमीटर लांब हवं होतं.

शिक्क्याच्या भरवशाला मर्यादा आहे ती इथे. परवाना देताना नमुना तपासतात, नंतर कारखान्यातून आणि बाजारातूनही नमुने उचलतात. पण रोजची तपासणी कारखाना स्वतःच करतो. आणि वर्षभराने तुमच्या झाकणात कुठली रिंग आहे, हे कोणीच पाहत नाही. कायदा कागदावर कडक आहे. बीआयएस कायदा २०१६नुसार पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २ लाख दंड. प्रत्यक्षात ऑगस्ट २०२२मध्ये काय झालं ते पाहा. मानकात न बसणारे २,२६५ कुकर ॲमेझॉनवरून विकले गेले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वेगळ्या, ग्राहक संरक्षण कायद्याखाली ते परत मागवायला, पैसे परत करायला सांगितलं आणि दंड ठोठावला १ लाख रुपये. त्या विक्रीवर कंपनीला मिळालेलं शुल्क होतं ६.१४ लाखांच्या वर. फ्लिपकार्टचे ५९८ कुकर, दंड तेवढाच. परतीचा आदेश योग्यच होता, पण तेवढ्या दंडाने कोणाला धाक बसेल?

कुकर घ्यावा का? घ्या, पण सोबत कंपनीची एक जादा रिंग आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच दिवशी, त्याच बिलावर घ्या. मॉडेल बंद पडलं की नेमके हेच दोन भाग आधी मिळेनासे होतात.