कॅब-ओव्हर ट्रक: काही महिने चालवल्यानंतर

बरीच वर्षं बोनेटवाल्या गाडीवर काढली आणि गेले काही महिने कॅब-ओव्हर, म्हणजे इंजिनाच्या वरच केबिन असलेला, पुढे नाक नसलेला ट्रेलर चालवतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. अडचणीच्या गोदामांत आणि गर्दीच्या रस्त्यांवर माल पोचवायचा असेल तर हीच गाडी घ्यावी. फक्त लांबीत जे वाचतं, त्याची वसुली ड्रायव्हरच्या कमरेतून होते. गाडी घेणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं, कारण बहुतेक वेळा घेणारा एक आणि चालवणारा दुसराच असतो.

सुरुवातीला सगळ्यात जास्त छळलं ते वळणाने. बोनेटवाल्या गाडीत पुढची चाकं आपल्या पुढे असतात. इथे आपण चाकांच्या डोक्यावर, कधी कधी तर त्यांच्याही थोडे पुढे बसतो. जुन्या सवयीने स्टेअरिंग फिरवलं की ते हमखास लवकर फिरतं, आणि मग मागचा ट्रेलर आतल्या बाजूचा कठडा घासायच्या बेतात येतो. आता कोपरा दारापाशी येऊन मागे सरकेपर्यंत मी सरळच जातो. समोरची भिंत काचेवर आल्यासारखी वाटते, पाय आपोआप ब्रेककडे जातो, तरी थोडं दामटायचं आणि मग वळायचं. बंपरचा बाहेरचा कोपरा या वेळी शेजारच्या लेनवरून झाडू फिरवल्यासारखा जातो. तिकडे मोटारसायकलवाला उभा नाही ना, हे आधी आरशात बघून घ्यायचं.

एकदा हात बसला की मात्र मजा येते. गोदामाच्या आवारात समोर जेमतेम जागा असते, तिथे पुढे नाक नसल्याचा फायदा दर वेळी दिसतो. भिंतीपासून हातभर अंतरापर्यंत गाडी नेता येते, कारण बंपर कुठे संपतो ते अंदाजाने ठरवावं लागत नाही. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, आखूड असल्यामुळे ट्रॅक्टर (ट्रेलर ओढणारा पुढचा भाग) ट्रेलरखाली झटकन फिरतो. बोनेटवाल्या गाडीला जिथे तीनदा पुढे-मागे करावं लागायचं, तिथे ही बऱ्याचदा एकदाच लागते.

युरोपात याच गाड्यांचं राज्य का, त्याचं कारणही लांबीतच आहे. तिथे ट्रॅक्टर-ट्रेलरची एकूण लांबी साधारणपणे 16.5 मीटरच्या आत बसवावी लागते. मग बोनेटवर जागा कोण घालवणार? अमेरिकेत 1982च्या कायद्याने मुख्य महामार्गांवर एकूण लांबीचं बंधन काढलं, ट्रेलरची लांबी तेवढी मोजायची ठेवली, आणि हळूहळू तिथल्या ड्रायव्हरांनी पुन्हा लांब नाकाच्या गाड्या धरल्या. सोय कशात आहे, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

त्यांच्या या निवडीमागचं कारण म्हणजे ड्रायव्हरला बसणारा धक्का. गतिरोधक आला की चाक तुमच्या खुर्चीच्या बरोबर खाली उडतं. बोनेटवाल्या गाडीत आपण दोन एक्सलच्या मध्ये बसतो, तिथे तोच धक्का विभागून येतो. कॅब-ओव्हरची केबिन रिकाम्या गाडीत तर सतत माना डोलावते, ब्रेक मारला की पुढे, सोडला की मागे. चारही कोपऱ्यांवर एअर सस्पेन्शन असलेली केबिन आणि एअर सीट असेल तर दिवस निभतो. केबिनला साध्या स्प्रिंगा असतील तर संध्याकाळी खाली उतरताना कंबर हिशेब मागते. उतरणं हेही एक काम आहेच. तीन-चार पायऱ्या, तोंड केबिनकडे, दोन्ही हात दांड्यांवर. उडी मारणाऱ्यांचे गुडघे फार दिवस साथ देत नाहीत.

उष्णतेचं म्हणाल तर इन्सुलेशन चांगलं असेल तेव्हा फार त्रास नाही. भरलेली गाडी लांब चढ चढत असली की दोन सीटच्या मधला उंचवटा कोमट होतो आणि पंख्याचा आवाज पायांखालून येतो, इतकंच.

इंजिनाचं काम निघालं की आख्खी केबिनच पुढे कलती करावी लागते. आधी हँडब्रेक, न्यूट्रल, समोर मोकळी जागा. मग पाण्याच्या बाटल्या, फायली, चार्जर, सीटमागची हत्यारं, सगळं काढून ठेवायचं. एक पाना विसरला तरी तो सरळ काचेवर येऊन आदळतो. मग पंपाचा दांडा मारत बसायचं. केबिन तोलाचा मधला बिंदू ओलांडून पुढे पूर्ण कलली आणि सेफ्टी स्टे, म्हणजे तिला धरून ठेवणारा आधार, बसला, की मगच खाली डोकं घालायचं. अर्धवट उचललेल्या केबिनखाली कोणीही, कितीही घाई असली तरी, जाऊ नये. एकदा उघडलं की मात्र मेकॅनिक खूश असतो: इंजिन दोन्ही बाजूंनी मोकळं, टर्बो, बेल्ट, स्टार्टर सगळ्याला हात पोचतो. रोजचं ऑइल आणि कुलंट पुढची जाळी उचलून बघता येतं, त्यासाठी हा सोहळा लागत नाही.

नजर लांबवर छान जाते, पण उंचीमुळे बंपरला लागून चालणारा माणूस खिडकीखाली लपतो, आणि ड्रायव्हरच्या विरुद्ध बाजूचा पुढचा कोपरा त्याहून वाईट. काचेवर लावलेला खाली बघणारा आरसा निघताना दर वेळी बघायचाच. थेट किती दिसतं यावरून लंडनमध्ये जड ट्रकना तारे देतात, आणि 2024च्या अखेरीपासून तीनपेक्षा कमी तारे असलेल्या गाडीला तिथे जादा सुरक्षा साधनं बसवावी लागतात. मला ते अजिबात अति वाटत नाही.

समोरून धडक झाली तर आपल्या आणि पुढच्या गाडीच्या मध्ये फक्त पत्रा आणि बंपर. आर 29 या केबिनच्या मजबुतीच्या आंतरराष्ट्रीय नियमाखाली केबिनवर समोरून जड वजनाचा लंबक आदळून बघतात, छतावरही भार टाकतात. नवी केबिन त्यामुळे बरीच मजबूत असते, तरी इंजिनाचं नाक पुढे असल्याचा जो धीर असतो तो इथे नाही. पुढच्या गाडीपासून मी आता पूर्वीपेक्षा जास्त अंतर ठेवतो.

जुनी कॅब-ओव्हर घेणार असाल तर ट्रायल रिकाम्या गाडीची आणि खराब रस्त्यावर घ्या. माल भरलेला असला की डोलणं कमी जाणवतं. केबिन एकदा पूर्ण कलती करून दाखवायला सांगा, टिल्ट पंपातून तेल गळतंय का बघा, आणि परत खाली बसल्यावर मागची दोन्ही लॉकं घट्ट लागतात का ते स्वतः हाताने हलवून तपासा.