हेड ट्रॅकर घ्यायचाय? आधी खोलीतली खिडकी बघा

संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये कोल्हापूरच्या धावपट्टीवर सेसना (छोटं विमान) उतरवायची आहे. डाव्या फेऱ्यात डाउनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट दिशेने जात असताना, धावपट्टी बरोबर डाव्या हाताला दिसते. बेसला (धावपट्टीकडे नेणाऱ्या आडव्या टप्प्याला) वळायची वेळ होते तेव्हा तिचं टोक डाव्या खांद्याच्या मागे, साधारण ४५ अंशांवर गेलेलं असतं. जॉयस्टिकवरच्या हॅट स्विचने (अंगठ्याने चारी बाजूंना दाबायच्या बटणाने) मान वळवून ते शोधेपर्यंत उंची सुटलेली असते. युरो ट्रक सिम्युलेटर २ मध्ये ट्रेलर रिव्हर्स घेतानाही हीच गत. हेड ट्रॅकर, म्हणजे तुमच्या डोक्याची हालचाल टिपून खेळातली नजर वळवणारं साधन, इथे कामाला येतं. तुम्ही खरं डोकं ३० अंश वळवता, खेळातलं डोकं १५० अंश वळतं आणि नजर स्क्रीनवरून हलत नाही.

साताऱ्या-सांगलीत यातली बहुतेक यंत्रं दुकानात हातात घेऊन बघता येत नाहीत. ती ऑनलाइन मागवावी लागतात. परदेशातून आली तर वर कस्टम आणि जीएसटी. त्यामुळे चुकीची निवड महागात जाते. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: पहिले दोन आठवडे एक रुपयाही खर्च करू नका. घरात वेबकॅम असेल तर ओपनट्रॅक हे मोफत सॉफ्टवेअर टाका, इनपुटमध्ये ‘न्यूरलनेट ट्रॅकर’ आणि आउटपुटमध्ये ‘फ्रीट्रॅक २.० एन्हान्स्ड’ निवडा. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, डीसीएस वर्ल्ड, युरो ट्रक हे खेळ त्याला ट्रॅकआयआर (विकत मिळणारा तयार हेड ट्रॅकर) समजून स्वीकारतात.

| पर्याय | डोक्यावर काय | कशाने बिघडतं |
|---|---|---|
| वेबकॅम + ओपनट्रॅक | काही नाही | अंधार, पाठीमागची खिडकी |
| फोन + ओपनट्रॅक | काही नाही | वाय-फाय, गरम होणारा फोन |
| इन्फ्रारेड क्लिप, घरी केलेली | ३ दिवे, वायर | ऊन, चकाकणाऱ्या वस्तू |
| ट्रॅकआयआर ५ | क्लिप | तेच, शिवाय नाजूक क्लिप |
| टोबी आय ट्रॅकर ५ | काही नाही | मोठा मॉनिटर |
| जायरो (वळणं मोजणारा सेन्सर), आर्डुइनोवर | छोटा बोर्ड | हळूहळू सरकणारा मध्य |

उजेडाचं गणित

वेबकॅम आणि इन्फ्रारेड यांच्या गरजा एकमेकांच्या अगदी उलट आहेत. वेबकॅमला चेहरा दिसायला हवा, म्हणजे समोरून उजेड हवा. खिडकी पाठीमागे असेल तर चेहरा काळा पडतो आणि ट्रॅकिंग थरथरतं. संध्याकाळी एकच ट्यूब डोक्यामागे असेल तर कॅमेरा आपोआप एक्स्पोजर वाढवतो, सेकंदाला ३० फ्रेमचे १५ होतात आणि डोकं वळवल्यावर दृश्य मागून ओढल्यासारखं येतं. त्यावर दोन उपाय: कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ऑटो एक्स्पोजर बंद करा, आणि मॉनिटरच्या मागे भिंतीकडे तोंड करून एक एलईडी बल्ब लावा, म्हणजे परतलेला मऊ उजेड चेहऱ्यावर पडतो.

इन्फ्रारेडमध्ये कॅमेरा चेहरा नाही, तर डोक्यावरच्या क्लिपचे डोळ्यांना न दिसणारे दिवे बघतो. त्याला अंधार चालतो, ऊन चालत नाही. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं. पश्चिमेची खिडकी असेल तर एप्रिल-मेमध्ये दुपारी चारनंतर कॅमेऱ्याला तीन दिव्यांऐवजी सात-आठ ठिपके दिसू लागतात. एलईडी ट्यूबचा त्रास नाही, जुन्या पिवळ्या बल्बचा आहे. चष्म्याची काच, हेडफोनची चकचकीत कड, पाठीमागच्या मांडणीवरची स्टीलची भांडी हे सगळे खोटे ठिपके. जाड पडदा आणि ओपनट्रॅकमधला ‘थ्रेशोल्ड’ (किती उजळ असेल तर ठिपका धरायचा ती मर्यादा) वाढवणं, एवढ्याने बहुतेक वेळा भागतं.

घरची क्लिप: सगळ्यात जास्त मोल इथे

सोल्डरिंग येत असेल तर आमची पहिली पसंती हीच. इन्फ्रारेड एलईडी तीन लागतात. ८५० ते ८८० नॅनोमीटरचे, सपाट डोक्याचे एसएफएच ४८५ पी मिळाले तर उत्तम, कारण त्यांचा उजेड रुंद पसरतो. टीव्हीच्या रिमोटमधले ९४० नॅनोमीटरचे चालतात, पण कॅमेऱ्याला मंद दिसतात. गोल घुमटाचे एलईडी असतील तर घुमट बारीक पॉलिश पेपरवर घासून सपाट करा, नाहीतर डोकं थोडं वळलं की ठिपका गायब होतो.

जोडणी अशी: जुन्या यूएसबी केबलमधून ५ व्होल्ट घ्या (बहुधा लाल आणि काळी वायर, तरी मल्टिमीटरने तपासा) आणि प्रत्येक एलईडीला स्वतंत्र ८२ ओहम, पाव वॉटचा रेझिस्टर लावा. प्रत्येकातून साधारण ४४ मिलिअँपिअर जातात, तिघांचे मिळून १३० च्या आसपास, म्हणजे यूएसबी पोर्टला काही जड नाही. तिन्ही एलईडी एकाच रेझिस्टरवर ओढण्याचा मोह टाळा. एकाने जास्त करंट खेचला की बाकीचे फिके पडतात. दिवे लागले का हे डोळ्यांना दिसणार नाही. फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा, जांभळट ठिपके दिसतील.

क्लिप हेडफोनच्या एका बाजूला: एक दिवा वर, एक खाली, मधला पुढे आलेला. तिन्हींमधली अंतरं मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये मोजून ओपनट्रॅकच्या ‘पॉइंटट्रॅकर’मध्ये भरा. इथे अंदाजपंचे चालत नाही. आकडे चुकले तर मान वळवताना दृश्य कलंडतं, आणि लोक दोष कॅमेऱ्याला देतात.

कॅमेऱ्यासाठी जुना पीएस३ आय (प्लेस्टेशन ३ चा कॅमेरा) उत्तम. ३२०×२४० वर तो १८७ फ्रेम देतो आणि ६४०×४८० वर ६० च्या वर जातो. तो न मिळाल्यास कुठलाही जुना वेबकॅम. आत लेन्सच्या मागे लालसर-गुलाबी झाक असलेली काच असते, तो इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर. तो काढा. मग उलटं काम: दिसणारा उजेड अडवायचा. त्यासाठी उजेड लागून धुतल्यावर पूर्ण काळी झालेली रंगीत निगेटिव्ह दोन पदरी करून लेन्ससमोर लावा. जुन्या फोटो स्टुडिओत रोलच्या टोकाचे असे तुकडे पडलेले असतात. कृष्णधवल रोलचा तुकडा मात्र घेऊ नका: त्यातली चांदी इन्फ्रारेडही अडवते, रंगीत निगेटिव्हमधले रंग त्याला वाट देतात. फिल्टर काढल्यावर फोकस थोडा सरकतो, लेन्स हलके फिरवून तो पुन्हा जमवा. लॅपटॉपचा आतला कॅमेरा या कामासाठी उघडू नका.

एलईडी आणि रेझिस्टर सांगली-कोल्हापुरात टीव्ही दुरुस्तीचं सामान ठेवणाऱ्यांकडे विचारा. पुण्याला जाणं होत असेल तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आहेच. कॅमेरा सोडला तर सगळं सामान दोनशे रुपयांच्या आत बसतं.

फोनचा मार्ग

स्मूथट्रॅकसारखं विकत मिळणारं ॲप फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने डोकं ओळखतं आणि आकडे वाय-फायवरून संगणकाला पाठवतं. ओपनट्रॅकच्या इनपुटमध्ये ‘यूडीपी ओव्हर नेटवर्क’, पोर्ट ४२४२. ॲपमध्ये संगणकाचा आयपी पत्ता. विंडोज फायरवॉलने ओपनट्रॅकला अडवलं तर काहीच हलत नाही, ते आधी तपासा.

आपल्याकडची खास अडचण वेगळी. लाइट जाऊन आली की राउटर पुन्हा सुरू होतो आणि कधी कधी संगणकाला नवा पत्ता देतो. फोन जुन्याच पत्त्यावर आकडे पाठवत बसतो, आणि काल चालणारं आज का बंद पडलं हे कळत नाही. राउटरमध्ये संगणकाचा पत्ता राखून ठेवा. ते जमत नसेल तर फोन यूएसबी टेथरिंगने (केबलवरून नेटवर्क) जोडा. विलंबही घटतो आणि फोन चार्जही होतो. उन्हाळ्यात तासाभरात फोन तापतो, तेव्हा कव्हर काढून स्टँडवर ठेवा.

विकतचे दोन

ट्रॅकआयआर ५ चा कॅमेरा १२० फ्रेमचा आहे, म्हणजे दर ८.३ मिलिसेकंदाला नवी नोंद. ३० फ्रेमच्या वेबकॅमला त्यासाठी ३३ लागतात. डीसीएसमध्ये शत्रूच्या विमानाच्या शेपटीला लागल्यावर हा फरक जाणवतो, ट्रक चालवताना नाही. चालतो फक्त विंडोजवर. क्लिपचे दोन प्रकार: टोपीला लावायची परावर्तक, आणि हेडफोनवरची स्वतःचे दिवे असलेली ट्रॅकक्लिप प्रो. दुसरी ट्रॅकिंगला चांगली, पण तिचे बारीक हात आणि पातळ वायर हे दुखणं. खुर्चीच्या चाकाखाली वायर आली की संपलं. प्रामाणिकपणे सांगायचं तर पैसे यातल्या जादूचे नाहीत, तयार जुळणीचे आहेत. ज्याला सोल्डरिंगचा कंटाळा आहे त्याने खुशाल घ्यावं.

टोबी आय ट्रॅकर ५ डोकं आणि डोळे दोन्ही बघतो, अंधारातही. सांगलीच्या मे महिन्यात टोपी-क्लिप नकोच म्हणणाऱ्यांना तो आवडेल. पण १६:९ मध्ये २७ इंचांपर्यंतचाच मॉनिटर त्याला झेपतो, आणि तुमचा खेळ टोबीच्या यादीत आहे का हे आधी बघावं लागतं.

जायरोचा पर्याय, म्हणजे आर्डुइनो हा छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड आणि एमपीयू ६०५० हा सेन्सर, स्वस्त दिसतो. त्याला वळणं कळतात, पुढे झुकणं-सरकणं कळत नाही, आणि होकायंत्र नसल्याने डावी-उजवी दिशा हळूहळू घसरते. दर काही मिनिटांनी मध्य दाबत बसायचं असेल तरच.

कर्व्ह

कुठलंही यंत्र घ्या, अर्धं सुख कर्व्हमध्ये, म्हणजे खरं डोकं किती वळल्यावर खेळातलं किती वळावं हे ठरवणाऱ्या आलेखात आहे. डावी-उजवीसाठी पहिले ३ अंश जवळजवळ सपाट, १० अंशांना २०, ३० अंशांना विमानात १५०. ट्रकला आरसे बघण्यापुरते ७० ते ९० पुरतात. वर-खालीसाठी दोन बाजूंचे वेगळे कर्व्ह ठेवा, कारण पॅनेल बघायला खाली मान कमीच वळते. बाजूला कलण्याचा अक्ष सरळ शून्य करा. फिल्टर ‘अक्सेला’ ठेवा: थरथर दिसली तर स्मूदिंग वाढवा, मान वळवल्यावर दृश्य रेंगाळलं तर कमी करा. ‘सेंटर’चं बटण जॉयस्टिकवर हाताला लागेल असं बांधा.

ओपनट्रॅक खेळाच्या आधी सुरू करा. ट्रॅकआयआरचं स्वतःचं सॉफ्टवेअर त्याच वेळी मागे चालू राहिलं तर दोघांची ओढाताण होते. आणि डीसीएसमध्ये जॉयस्टिक किंवा माउसचा एखादा अक्ष त्याच दृश्यावर बांधलेला असला, तर यंत्र बरोबर असूनही मान आपोआप एका बाजूला सरकते. कंट्रोल्समधली ती जोडी पुसून टाका.