पाच वर्षे वापरलेले हेल्मेट

पुण्यात रोजच्या ये-जा करण्यासाठी सुमारे पाच वर्षे वापरलेले, पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट मी गेल्या महिन्यात बदलले. बाहेरून पाहता त्यात बदलण्यासारखे काही नव्हते. रंग शाबूत होता आणि काच तर मी दोनदा नवी बसवली होती. मात्र गालाचे पॅड इतके दबले होते की, हनुवटीचा पट्टा आवळूनही मान झटकली की हेल्मेट डोक्यावर फिरत असे.

खरे संरक्षण करतो तो कवचाच्या आतला थर्मोकोलसारखा जाड थर. आघात होताच तो स्वतः चेपला जाऊन धक्का शोषतो, पण पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून डोक्यावर असताना एकदा जोरात आपटलेले हेल्मेट, कवचाला तडा गेलेला दिसत नसला तरी, वापरातून काढून टाकावे. घाम, केसांचे तेल आणि ऊन यांनीही आतले साहित्य हळूहळू खराब होते, त्यामुळेच अनेक उत्पादक पाच वर्षांची मर्यादा सांगतात.

या हेल्मेटला मी पाचपैकी चार गुण देईन. एक गुण कापला तो उत्पादनाच्या तारखेच्या चिठ्ठीसाठी, कारण ती अस्तराखाली अशा जागी चिकटवली होती की दोन वर्षांतच घामाने अक्षरे पुसली गेली. (तारीख शेवटी जुन्या पावतीवरून शोधावी लागली.) नवे घेताना मी १ जून २०२१ पासून सक्तीचे असलेले आयएसआय चिन्ह आधी पाहिले, आणि जुने कोणी पुन्हा वापरू नये म्हणून त्याचा पट्टा कापूनच ते भंगारात दिले.