“गोळ्या कायमच्या बंद” म्हणणाऱ्याच्या पुडीत काय निघालं

माझ्या धाकट्या भावाला शाळेत असल्यापासून फिट्स येतात. त्यावर व्हॅल्प्रोएट नावाची फिट्सवरची गोळी चालू होती आणि कंट्रोल तसा चांगला होता, जागरण झालं किंवा डोस चुकला तरच कधीतरी यायची. पण वजन वाढलेलं, केस गळत होते, हात थोडे थरथरायचे. ऐन विशीतला पोरगा, त्याला फिटपेक्षा आरशाचा त्रास जास्त. हे सगळं आधी सांगतेय कारण त्या माणसाने नेमकं इथेच बोट ठेवलं.

जडीबुटीने फिट्स कायमच्या घालवतो म्हणणाऱ्या या माणसाचा नंबर ओळखीतल्या कोणीतरी दिला होता. फोनवर आवाज एकदम शांत, घाई नाही, तासभर ऐकून घेतलं. भावाला म्हणाला, “केस का गळतायत माहितीये का? गोळ्यांनी. या गोळ्या आजार बरा करत नाहीत, दाबून ठेवतात. मी मुळापासून काढतो.” आता यातलं अर्धं खरंच आहे बघा. व्हॅल्प्रोएटने वजन वाढतं, केस गळू शकतात, हात थरथरतात, सगळं पुस्तकात लिहिलेलं आहे. आणि या गोळ्या फिट येऊ देत नाहीत, आजाराचं मूळ काढत नाहीत, हेही कोणताही न्यूरोलॉजिस्ट, म्हणजे मेंदूचा डॉक्टर, स्वतःच सांगेल. अर्धं खरं बोलणाऱ्यावर माणूस उरलेल्या अर्ध्यासाठीपण विश्वास ठेवतो, आणि ते उरलेलं अर्धं म्हणजे एक करड्या रंगाचं चूर्ण, पुड्या बांधून कुरियरने येणार, “शंभर टक्के वनस्पती, साइड इफेक्ट शून्य”. पाकिटावर घटक नाहीत, बॅच नंबर नाही, एक्सपायरी नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही. विचारलं तर म्हणाला फॉर्म्युला घराण्याचा आहे, लिहिला तर लोक चोरतील.

सुरुवातीला गोळ्या आणि पुडी दोन्ही चालू ठेवायचं होतं. थोड्याच दिवसांत भाऊ दिवसभर पेंगायला लागला, बोलताना जीभ जड, चालताना तोल जायचा. मी फोन केला तर म्हणे, “ताई, औषध लागू पडतंय, मेंदू शांत होतोय. आता गोळ्यांची गरज संपली, बंद करा.” कमी करत आणायच्या वगैरे काही नाही, सरळ बंद! डॉक्टरांना विचारू का म्हटलं तर हसून म्हणाला ते त्यांचं दुकान बंद होऊ देतील का.

आणि मग गंमत अशी की फिट्स खरंच थांबल्या. जागरण केलं तरी नाही. केस गळायचे कमी झाले, पेंग पण थोडी उतरली, घरात सगळे खूष, आईने तर अजून दोन घरांना त्याचा नंबर दिला. त्या माणसाने लगेच मागणी केली की भावाचा व्हिडिओ पाठवा, “मी बरा झालो” असं बोलायला लावा. सुदैवाने भावाला कॅमेऱ्यासमोर लाज वाटते, ते राहिलं. नाहीतर आज तोच व्हिडिओ दुसऱ्या कोणाला तरी गळाला लावायला फिरत असता. म्हणून सांगते, असे व्हिडिओ खोटेच असतात असं नाही, बोलणारा माणूस अगदी मनापासून बोलत असू शकतो, त्याला तरी कुठे माहीत असतं पुडीत काय आहे ते.

मग खरा खेळ सुरू झाला. पुढचं पार्सल येईना. फोन केला तर म्हणे आता “पक्का कोर्स” घ्यावा लागेल, पूर्ण वर्षाचे पैसे आधी भरा, नाहीतर आजार दुप्पट होऊन परत येईल. ही धमकी मला तेव्हा नुसती विक्रीची वाटली, पण त्याला नक्की माहीत होतं तो काय बोलतोय ते, आणि याचा राग मला अजून जात नाही. पैसे जमवेपर्यंत पुड्या संपल्या. काही दिवस काहीच झालं नाही. मग एका पहाटे फिट आली, ती थांबते ना थांबते तोवर दुसरी, मधे शुद्धच नाही. आम्ही त्याला कुशीवर वळवलं, तोंडात काही घातलं नाही, घड्याळ बघितलं आणि अँब्युलन्स बोलावली. पाच मिनिटांच्या वर फिट चालली किंवा शुद्धीवर न येता परत परत आली तर ती इमर्जन्सी असते, घरी वाट बघायची नसते.

आयसीयूत डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, काय काय घेतो? मी पुड्यांचे रिकामे कागद पुढे केले. कागद बघून त्या बाई ओरडल्या नाहीत, नुसत्या म्हणाल्या रक्तातली फेनोबार्बिटोनची लेव्हल पण करूया. आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नसतं, कारण हे औषध त्याला कधीच कोणी लिहून दिलेलं नव्हतं. पण रिपोर्टमध्ये ते निघालं.

फेनोबार्बिटोन हे फिट्सवरचं जुनं, साधं औषध, १९१२ पासून वापरात आहे, आणि आजही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. म्हणजे गोळ्या सोडवतो म्हणणारा माणूस गोळीच कुटून देत होता! जडीबुटीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या चूर्णांमध्ये फेनोबार्बिटोन किंवा फेनिटोइन (हेही फिट्सवरचंच औषध) सापडल्याच्या घटना आधीही झाल्यात म्हणे, म्हणूनच डॉक्टरांना शंका आली. आता सगळं जुळलं. व्हॅल्प्रोएटमुळे फेनोबार्बिटोन शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, त्याची लेव्हल चढते, म्हणून दोन्ही चालू असताना तो तसा पेंगत होता, आणि अशा वेळी वरून दारू किंवा झोपेची गोळी घेतली असती तर श्वास मंदावण्यापर्यंत गेलं असतं. फिट्स थांबल्या त्या याच औषधाने. आणि पुड्या संपल्यावर लगेच का नाही आली, तर मोठ्या माणसाच्या शरीरात ते निम्मं व्हायलाच तीन-चार दिवस लागतात, हळूहळू उतरतं, मग अचानक मेंदू उघडा पडतो.

त्या माणसाला शेवटचा फोन केला तेव्हा म्हणाला, “तुमच्या जुन्या गोळ्यांचाच साठा अंगात असेल.” साफ खोटं. व्हॅल्प्रोएट काही दिवसांत शरीरातून निघून जातं, आणि ते रक्तात फेनोबार्बिटोन म्हणून कधीच दिसत नाही. हे बोलून दाखवल्यावर नंबर ब्लॉक.

काही जण म्हणतील गुण तर आला ना, मग बिघडलं कुठे. बिघडलं हे की कोणत्या पुडीत किती आहे हे देवालाच ठाऊक. डॉक्टर हीच औषधं देताना वजन, वय, बाकीच्या गोळ्या, लिव्हर, सगळं बघून मिलिग्रॅममध्ये देतात. फेनिटोइनसारख्या औषधात तर डोस जरासा वाढवला तरी रक्तातली लेव्हल एकदम उडी मारते. बाईमाणूस असेल तर अजून वेगळं, फेनोबार्बिटोन, फेनिटोइन, कार्बामाझेपिन या फिट्सवरच्या औषधांनी गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होतो, आणि काही औषधं पोटातल्या बाळाला धोक्याची, त्यात व्हॅल्प्रोएट सगळ्यात वर. बिननावाची पुडी खाणारीला हे कोण सांगणार? शिवाय सगळ्यांना एकच चूर्ण ही कल्पनाच चुकीची आहे, फिट्सचे प्रकार वेगवेगळे असतात, कार्बामाझेपिन एका प्रकाराला छान चालतं आणि दुसऱ्या काही प्रकारांत तेच फिट्स वाढवतं.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे वजन आणि केसांचा त्रास डॉक्टरांकडे बोलल्यावर सुटण्यासारखा होता. त्याला आता लेव्हेटिरासिटाम नावाचं फिट्सवरचं दुसरं औषध दिलंय. सुरुवातीला चिडचिड होऊ शकते हे आधीच सांगून ठेवलं होतं, झाली पण थोडी. गोळ्या कधी बंद होतील हेही त्याने विचारलं. साधारण निदान दोन वर्षं एकही फिट नसेल तर विचार करता येतो, तेही प्रत्येकाच्या बाबतीत नाही, आणि मग महिनोनमहिने थोडं थोडं कमी करत. एखादा डोस राहिला तर पुढच्या वेळी डबल घ्यायचा नाही, आणि सावकाश विरघळणारी गोळी असेल तर ती कुटायची किंवा चावायची नाही, हेही तेव्हाच कळलं.

तुमच्या घरात आत्ता अशी पुडी चालू असेल तर हे वाचून ती आज अचानक बंद करू नका. आत काय आहे माहीत नाही, आणि फेनोबार्बिटोन असेल तर बंद केल्यावर आमच्यासारखंच होईल. पुडी, पाकीट, त्याचे मेसेज, सगळं पिशवीत घालून लवकरात लवकर न्यूरोलॉजिस्टकडे न्या, रक्तातली लेव्हल करून मागा, आणि कमी कसं करायचं ते त्यांना ठरवू द्या. आमच्याकडे फेनोबार्बिटोनचीच रीतसर गोळी लिहून दिली आहे, ती अजून चालू आहे, दर भेटीला थोडी थोडी कमी होते. उरलेला एखादा कागद किंवा चिमूटभर चूर्ण असेल तर टाकून देऊ नका, औषध नियंत्रण खात्याकडे तक्रार करताना तेच लागतं.